काढत्या छताचा बंदोबस्त

प्रश्न : सॅन होजे येथे माझी १९९४ सालची माझदा मियाटा रात्री रस्त्यावरच उभी असते. तिचे काढता येणारे कठीण छत चोरीस जाऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर : आपली चिंता यथार्थ आहे. जे छत अवघे वीसेक किलो वजनाचे आहे, ज्याच्या पुढच्या व बाजूच्या खिट्ट्या गाडीच्या आतून कोणत्याही हत्याराविना उघडतात, आणि जे १९८९ पासून २००५ पर्यंतच्या दोन्ही पिढ्यांच्या गाड्यांना निर्वेधपणे बसते, त्याला चोरबाजारात गिऱ्हाईक मिळणे मुळीच दुर्घट नाही. काच फोडली की उरलेले काम दोन माणसांचे आणि काही क्षणांचे!

म्हणून खरा बंदोबस्त बाजूच्या खिट्ट्यांपाशीच करावा. तेथे छत गाडीच्या अंगाशी बोल्टने कायम जखडणाऱ्या पट्ट्या बसवाव्यात, आणि ते बोल्ट सामान्य पान्याने न फिरणारे, विशिष्ट चावीचेच असावेत. ती चावी मात्र गाडीत कदापि ठेवू नये. ही चूक फार जण करतात. उन्हाळ्यात छत वारंवार काढणाऱ्यास ही तजवीज जाचक वाटेल, तरी मी तिचाच आग्रह धरीन.

छताच्या आतील बाजूस, सहज न दिसेल अशा जागी, गाडीचा चासी क्रमांक कोरून घ्यावा व त्याची छायाचित्रे दस्तऐवजांसह घरी जपावीत, म्हणजे मुद्देमाल सापडल्यास मालकी सिद्ध करता येते. विमापत्रात छताची स्वतंत्र नोंद व ठरलेली किंमत आहे ना, हेही आजच तपासावे.