गिटारीच्या चाव्या : बदलाव्यात की राखाव्यात?

छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८५४ पर्यंत होता. त्या काळापासून रायपुरात मराठी कुटुंबे राहत आली आहेत, आणि तात्यापाऱ्यासारख्या वस्तीतील एखाद्या घरात गवसणी घातलेला मिरजेचा तंबोरा अजूनही भिंतीशी उभा असलेला आढळतो. त्याच घरातील नव्या पिढीच्या हाती आता बहुधा गिटार असते, आणि तीही प्रायः स्वस्तातली. महिना-दोन महिन्यांत शिकणाऱ्याची तक्रार सुरू होते की, वाद्य स्वरात राहत नाही. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो : चाव्या हलक्या आहेत, त्या बदलून घ्याव्यात.

हा सल्ला स्वीकारण्यापूर्वी थोडा विचार करणे इष्ट ठरेल. चाव्यांच्या चांगल्या संचाला स्वस्त गिटारीच्या किमतीचा मोठा हिस्सा खर्ची पडू शकतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, खर्च करूनही दोष तसाच राहिला, तर विद्यार्थी तो स्वतःच्या कानाला लावू लागतो. आपल्याला स्वरज्ञान नाही अशी त्याची समजूत होते आणि वाद्य कपाटावर जाऊन पडते. चांगला कान असलेली कित्येक मुले अशा रीतीने संगीताला मुकत असावीत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

चावीवर प्रथम संशय येण्याचे मूळ आपल्या परंपरेत आहे. तंबोऱ्याची खुंटी म्हणजे निमुळत्या आकाराचा लाकडाचा तुकडा. ती आपल्या भोकात केवळ घर्षणाच्या बळावर टिकून असते. हवा कोरडी झाली की लाकूड आक्रसते, पकड ढिली पडते आणि तारेच्या ओढीने खुंटी मागे फिरते. पावसाळ्यात ती फुगून अशी घट्ट बसते की हलता हलत नाही. म्हणून वादक खुंटीला खडू घासतात, आणि स्वराची बारीक जुळवाजुळव खुंटीवर न सोडता घोडीजवळच्या मण्यांकडे सोपवतात. तंबोऱ्याचा स्वर उतरला असता खुंटीला दोष देणे हे त्यामुळे पुष्कळदा बरोबरच असते.

गिटारीची रचना मात्र निराळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हिएन्ना येथील कारागीर योहान गेओर्ग श्टाउफर याच्या गिटारींवर दातेरी चाकाच्या चाव्या दिसू लागतात, आणि पुढे हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. हिच्यात बोटांनी फिरवायच्या दांड्यावर मळसूत्राचे आटे असतात. ते आटे एका लहान दातेरी चाकात गुंतलेले असतात आणि तार ज्या खांबाला गुंडाळायची तो खांब या चाकाबरोबर फिरतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मळसूत्र चाकाला फिरवू शकते, परंतु चाक मळसूत्राला फिरवू शकत नाही. पोलादी तारांच्या गिटारीवर सहा तारांचा मिळून सुमारे ७० किलोग्रॅम इतका ताण असतो. तरीही त्या ताणाने चावी आपोआप उलटी फिरत नाही. स्वस्तातल्या स्वस्त चावीलाही, तिचे दाते शाबूत असतील तोवर, हा नियम लागू आहे.

मग महाग चावीने काय साधते? जाहिरातीत १४ किंवा १८ असा आकडा दिलेला असतो. खांब एकदा पूर्ण फिरण्यासाठी चावीला किती फेरे द्यावे लागतात, एवढेच तो सांगतो. फेरे जास्त असले की नेमका स्वर पकडणे सोपे जाते. पण पकडलेला स्वर टिकणे ही वेगळी बाब आहे. तिच्याशी या आकड्याचा संबंध नाही. विक्रेते या दोन गोष्टींची गल्लत करतात, आणि ती नेहमीच अजाणता होते असे म्हणवत नाही.

स्वर चावीपाशी उतरत नसेल, तर तो कोठे उतरतो? रायपुरात पहिले उत्तर हवामानात शोधावे. मे महिन्यात येथे पारा ४२ अंशांच्या वर जाणे नित्याचे आहे. दुपारी खोलीत कूलर लावला की हवा थंड होते आणि दमटही होते. पोलादी तार थंडीने आखडते आणि तिचा स्वर चढतो. लाकूडही थोडे आखडते, पण तारेच्या मानाने फार कमी. हिशेब केल्यास १० अंशांच्या फरकाने पातळ तारेचा स्वर अर्धस्वराच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास सरकतो. जाणत्या कानाला एवढा फरक खचित खुपतो. शिवाय ओलाव्याने गिटारीचे पोट किंचित फुगते आणि स्वर आणखी चढतो. एकसंध लाकडाच्या वाद्यात हे अधिक घडते. स्वस्त गिटारी प्लायवूडच्या असल्यामुळे या बाबतीत त्या उलट अधिक सोशिक असतात. संध्याकाळी कूलर बंद केला की सर्व तारा हळूहळू उतरू लागतात. जगातील कोणतीही चावी हे थांबवू शकणार नाही.

यातूनच परीक्षेची एक सोपी रीत हाती येते. सर्व तारा कमीअधिक प्रमाणात, पण एकाच दिशेने सरकल्या असतील, तर तो हवेचा परिणाम होय. एखादीच तार बिघडत असेल, तर दोष त्या तारेच्या वाटेवर कोठेतरी आहे.

ती वाट चावीपासून घोडीपर्यंत तपासून पाहावी. तार नवी असेल तर काही दिवस ती ताणत राहणारच. तिला हाताने हळूच ओढून पुन्हा स्वरात आणणे, हे चार-पाच वेळा केले की ती स्थिरावते. खांबावर तारेचे वेढे दोन-तीनच असावेत आणि ते एकाखाली एक नीट बसलेले असावेत. एकमेकांवर चढलेल्या दहा वेढ्यांतील ढिलाई वाजवताना थोडी थोडी सुटत जाते आणि बिचारी चावी बदनाम होते.

परंतु सर्वांत अधिक अपराध आढळतो तो मानेच्या टोकाशी असलेल्या खाचांच्या पट्टीचा. तिला वाजवणारे नट म्हणतात. स्वस्त वाद्यात या खाचा अरुंद किंवा खडबडीत राहून जातात. चावी फिरवावी तर स्वर जागचा हलत नाही, आणि मग ‘टिक’ असा बारीक आवाज होऊन एकदम पुढे उडी मारतो. हे लक्षण ओळखावे. तार खाचेत अडकलेली असते, चावीच्या बाजूचा तिचा भाग अधिक ताणला जातो, आणि मग वाजवण्याच्या धक्क्याने ती सुटते. खात्री करून घ्यायची असल्यास तार स्वरात आणून, पट्टी आणि चावी यांच्या मधल्या तुकड्यावर बोटाने दाब द्यावा व सोडावा. स्वर बदलून तसाच राहिला, तर दोष खाचेचा आहे. तार काढून खाचेत मऊ पेन्सिलीचे शिसे घासावे. पुष्कळ वेळा एवढ्यानेच काम होते. न झाल्यास खाच कानशीने रुंद करण्याचे काम वाद्यदुरुस्ती करणाऱ्याकडे सोपवावे. कारण खाच खोल झाली की तार पडद्यांना लागून झणझणू लागते.

याच वेळी घोडीकडेही पाहावे. ती मागच्या बाजूने उचललेली असेल आणि तिच्याखाली कागद सरकत असेल, तर सरस सुटू लागला आहे. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत गिटार ठेवल्याने असे होते. अशा वाद्याला नव्या चाव्या बसवणे म्हणजे पाया खचलेल्या घराला नवी कुलपे लावणे होय.

चावीत थोडी पोकळ हालचाल असणे हाही दोष मानू नये. स्वर नेहमी खालून वर चढवत आणावा. पुढे गेल्यास पुरता उतरवून पुन्हा वर यावे. मग दात्यांमधील फट तारेच्या ओढीनेच भरून राहते. मागचे स्क्रू ढिले असतील तर ते हलकेच आवळावेत.

यानंतरही उरणारे काही दोष खरोखरच चावीचे असतात. खांब वाकलेला असणे, चाकाचे दाते झिजून चावी घसरणे, पावसाळ्यातील गंजाने ती जाम होणे किंवा बोटांत धरायचे बोंड तडकणे, असे काही दिसल्यास चाव्या निःशंकपणे बदलाव्यात. मात्र खरेदीपूर्वी मोजमाप घेणे अगत्याचे आहे. स्वस्त गिटारीवर बहुधा एका पट्टीवर तीन चाव्या जोडलेल्या असतात. नव्या पट्टीतील खांबांमधील अंतर जुन्याशी तंतोतंत जुळले पाहिजे. बंद पेटीच्या सुट्या चाव्यांना पुष्कळदा अधिक मोठे भोक लागते, आणि ते पाडताना पातळ लाकूड चिरण्याची भीती असते. शिवाय अशा चाव्या वजनदार असल्या तर हलक्या गिटारीची मान खाली झुकते आणि डाव्या हाताला ती सतत तोलून धरावी लागते. म्हणून जुन्या मापाचाच साधा संच मिळत असेल, तर तो पत्करावा. उतरवलेल्या चाव्या व त्यांचे स्क्रू एका पाकिटात घालून गिटारीच्या पिशवीतच ठेवून द्यावेत.