आधी सांगू द्या, मग लिहू द्या

आईबाबांनो,

ब्राह्मणपुरीतल्या एका घरी ओट्यावर बसलो होतो. पाचवीतली मुलगी निबंधाची वही घेऊन आली. विषय होता सारंगखेड्याची यात्रा. तिनं लिहिलं होतं, ‘यात्रेत अफाट गर्दी होती. सगळीकडे आनंदाचे वातावरण होते.’ एकही चूक नव्हती, कारण सगळं गाईडमधून उतरवलेलं होतं.

मी वही मिटली आणि विचारलं, “घोडे पाहिलेस का गं?” मग ती थांबेचना. घेणारा माणूस घोड्याचा ओठ वर करून दात बघत होता, दातांवरून वय कळतं म्हणून. घोडा मान झटकत होता. तापीकडून गार वारा येत होता, तेव्हा आजोबांनी तिला आपल्या घोंगडीत घेतलं. “मग हे वहीत का नाही?” तर म्हणाली, “सर, ते तर आमचं घरचं बोलणं आहे!”

घरचं बोलणं वहीत लिहायचं नसतं, हे तिला आम्ही शिक्षकांनीच शिकवलं. माझ्याही हातून हे झालंय. ‘आमना वावरमा पानी उनं’ (आमच्या वावरात पाणी आलं) या एका मुलाच्या वाक्यावर मी लाल रेघ मारली होती. पुढं वर्षभर तो फळ्यावरचंच उतरवत राहिला. आपल्या शहादा तालुक्यात कुणाच्या घरी अहिराणी बोलतात, कुणाच्या गुजरी, कुणाच्या भिलोरी. मूल विचार करतं ते त्याच बोलीत. पहिल्या खर्ड्यात ती येऊ द्या. प्रमाण मराठी आणि शुद्धलेखन आम्ही शाळेत नंतर बघू, ते आमचं काम आहे.

“सर, आम्हीच अडाणी, आम्ही काय शिकवणार?” असं तुमच्यातले कितीतरी जण म्हणतात. मला ते ऐकवत नाही. आपल्याच खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव आणि त्याचा नात्यातला एक भाऊ यांनी ती जमेल तशी टिपून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या पाठपुराव्यानं, त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं. कुणी कान देऊन टिपलं नसतं, तर त्यांच्याबरोबरच सगळं गेलं असतं. अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये ‘श्यामची आई’ लिहिलं, तेही रात्री जमून गोष्ट सांगावी तसंच. आणि आपल्या शहादा भागातले वाहरू सोनवणे यांच्या कवितासंग्रहाचं नाव काय, तर ‘गोधड’. घरातली, अंगावरची वस्तू.

म्हणून एक मागणं आहे. मूल लिहून आणेल तेव्हा लगेच चुका काढू नका. “वाचून दाखव,” म्हणा. ताई, तुम्हाला अक्षर येत नसेल तर उलट बरंच, चुका दिसणारच नाहीत, नुसतं ऐकू येईल. आणि ऐकताना शेतातल्या माणसाला पडतात तेच प्रश्न विचारा. पाणी कोणत्या बाजूनं शिरलं? बांध आधी फुटला की नंतर? बैल तेव्हा कुठं बांधला होता? यातला एकेक प्रश्न मुलाकडून आणखी चार ओळी लिहवून घेतो. वावर तुमच्याइतकं मला माहीत नाही, हे प्रश्न मला सुचायचे नाहीत.

घरात पुस्तकं नाहीत, हीही अडचण खरीच. पण पपईची तोड चालू असते तेव्हा फळं गुंडाळायला रद्दीचे गठ्ठे वावरात येतात. त्यातली चार पानं मुलासाठी बाजूला काढा. शिळी बातमी असली तरी चालेल. रात्री त्यातलं एक त्याला मोठ्यानं वाचायला सांगा, मोबाइल तेवढा वेळ कोनाड्यात ठेवा, तुमचासुद्धा. एवढं मात्र कराच, दादा. आपण मोबाइल बघत ऐकतोय, हे मुलाला लगेच कळतं.

आणि निबंध त्याच्याऐवजी तुम्ही लिहून देऊ नका. बक्षीस मिळालं तरी नको.

त्या मुलीनं पुढच्या आठवड्यात यात्रा पुन्हा लिहिली. सहा ओळींची दीड पानं झाली होती. ‘घोंगडी’ शब्द चुकला होता, ‘ड’वर वेलांटी ऱ्हस्व होती. वडिलांनी ते वाचायला घेतलं आणि घोंगडीच्या ओळीपाशी थांबून आजोबांना हाक मारली.