कूतचा वेढा आणि वार्ताहर कँडलर

‘पूना डिव्हिजन’च्या तुकड्या ऑक्टोबर १९१४ पासून मुंबई बंदरातून बसऱ्याकडे निघाल्या. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. ज्या रत्नागिरी-साताऱ्याकडून माणसे परळ-लालबागच्या गिरण्यांत येत, त्याच मुलखातून या पलटणींची भरती होई. तेव्हा मेसोपोटेमियात काय घडते आहे हा प्रश्न आपल्या चाळींना परका नव्हता. पण तो सांगणार कोण?

सरकारने हे काम एडमंड कँडलर या इंग्रज लेखकाकडे सोपवले. १९०४ साली तिबेटच्या मोहिमेत वार्ताहर म्हणून गेला असता तलवारीच्या वारांनी त्याचा एक हात गेला होता. माणूस धीट, यात शंका नाही. डिसेंबर १९१५ मध्ये कूतला वेढा पडला, तो फोडायला निघालेल्या फौजेबरोबर कँडलर होता. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळू येते. तिथे मात्र हिवाळ्यात चिखल! २१ जानेवारी १९१६ ची हन्नाची चढाई पावसात आणि गुडघाभर राडीत झाली. उन्हे चढली की मृगजळ. मग समोर घोडेस्वार आहेत की मेंढरे, हेच कळेना. तोफखान्यालाही निशाण धरता येईना.

मला खरा पडदा वाटतो तो सेन्सॉरचा. नोव्हेंबर १९१५ मधील टेसिफोनच्या लढाईनंतर जखमी शिपाई औषधपाण्याविना, घाणीत लोळत होडक्यांतून बसऱ्याला आले. तरीही अधिकृत तार गेली की व्यवस्था उत्तम आहे. १९१७ साली चौकशी आयोगाचा अहवाल आला तेव्हा हे उघड झाले आणि भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. कँडलरचा ‘द लाँग रोड टु बगदाद’ हा सविस्तर ग्रंथ तर युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये निघाला. दरम्यान १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर, २९ एप्रिल १९१६ रोजी, कूतमधील सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या कैदेत गेली होती. त्यांना सोडवू पाहणाऱ्या फौजेची हानी २३,००० च्या घरात होती.

त्याच वर्षी त्याने ‘द सिपॉय’ काढले. त्यात शीख, गुरखा, डोगरा, जाट यांच्याबरोबर मराठ्यांवरही प्रकरण आहे. जमातीगणिक स्वभाव वाटून देण्याची ही साहेबी तऱ्हा मला रुचत नाही. एका एका शिपायाचा चेहरा त्यात हरवतो. अर्थात हा दोष एकट्या कँडलरचा नव्हे. १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक उभे राहिले, त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली. हिंदी फौजेतील अधिकाऱ्यांचीही. साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणीखाली नुसते आकडे होते.