चिठ्ठ्यांतून तयार झालेला शब्दकोश



ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी शब्दकोश विद्वानांनी एका खोलीत बसून लिहिला असेल, असा माझा बरीच वर्षे समज होता. (पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून शिकलेल्या मला इंग्रजी कोशाचा धाकच वाटे!) खरी हकीकत वेगळी आहे.

१८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत या कामाची कल्पना मांडली गेली. प्रत्येक शब्द केव्हापासून वापरात आहे व त्याचा अर्थ कसा बदलत गेला, हे जुन्या-नव्या पुस्तकांतील वाक्ये देऊन दाखवायचे होते. एवढी पुस्तके वाचणार कोण? १८७९ मध्ये संपादक झालेले जेम्स मरे हे शाळामास्तर. स्वतःची शाळा चौदाव्या वर्षीच सुटलेली. त्यांनी जनतेला आवाहन केले: पुस्तके वाचा आणि चिठ्ठ्या पाठवा. वाचकांना मोबदला काही नव्हता.

चिठ्ठीच्या डाव्या कोपऱ्यात शब्द, खाली साल, लेखक, पुस्तक, पान आणि मग पूर्ण वाक्य. काम सोपे वाटते ना? पण मरे यांच्या हाती आलेल्या आधीच्या वाचकांच्या चिठ्ठ्यांत गंमत झाली होती. त्यांनी अवघड शब्द तेवढे टिपले होते. 'अब्यूजन' या जुनाट शब्दाच्या पन्नासेक चिठ्ठ्या आणि रोजच्या 'अब्यूज'च्या पाचही नाहीत! म्हणून मरे यांनी साध्या शब्दांचीही वाक्ये मुद्दाम मागवली. घरची मुले खाऊच्या पैशांसाठी चिठ्ठ्या अक्षरवार लावीत.

मदत करणाऱ्यांत फिट्झएडवर्ड हॉल होते. बनारसच्या संस्कृत कॉलेजात शिकवलेले हे अमेरिकन गृहस्थ पुढे इंग्लंडच्या एका खेड्यात एकटे राहून रोज तासन्‌तास मुद्रिते तपासत. डॉ. विल्यम मायनर तर ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात बंदिस्त होते. १८७२ मध्ये भ्रमाच्या भरात त्यांच्या हातून एका निरपराध माणसाचा खून झाला होता. कोशात सध्या कोणत्या शब्दावर काम चालू आहे हे विचारून ते नेमकी त्याच शब्दाची वाक्ये पाठवत.

१९१५ मध्ये मरे वारले. कोश १९२८ मध्ये पूर्ण झाला, शब्द ४,१४,८२५. तरीही 'बाँडमेड' म्हणजे दासी, या शब्दाच्या चिठ्ठ्या हरवल्याने तो सुटलाच. १९३३ च्या पुरवणीत आला.

आठवीच्या मुलांनी सोमवारी अशीच एक चिठ्ठी आणावी. घरी आजी-आजोबा रोज बोलतात तो एक साधा मराठी शब्द आणि त्यांच्याच तोंडचे पूर्ण वाक्य. अवघड शब्द नकोत.