पाचवे शील आणि व्यसनी मन



विहारात आपण हात जोडून पाचवे शील ग्रहण करतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तरीही पिंपळनेरच्या आठवडे बाजारातून परतताना एखाद्या घरचा कर्ता पुरुष पुन्हा गुत्त्याकडे वळतो. मग घरचे म्हणतात, 'याचा शब्दच खोटा!' खरोखर तसे असते काय? मानसशास्त्र याविषयी काय सांगते ते पाहू.

व्हिएतनामच्या युद्धात अनेक अमेरिकन सैनिकांना हेरॉइनचे व्यसन जडले. १९७१ साली मायदेशी परतलेल्या सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या विदुषींनी केला. तेथे असताना शंभरातील सुमारे वीस जण व्यसनी झाले होते. परंतु घरी आल्यावर पहिल्या वर्षात, त्या व्यसनी झालेल्यांपैकी शंभरातील सुमारे पाचच पुन्हा व्यसनात सापडले. ती जागा सुटली, ते सोबती सुटले, तसे बहुतेकांचे व्यसनही सुटले.

याची दुसरी बाजूही पाहा. अमेरिकेतच लेक्सिंग्टनच्या रुग्णालयात डॉ. अब्राहम विक्लर यांना असे दिसले की, कित्येक महिने अफूजन्य पदार्थांपासून दूर असलेले रुग्ण त्याविषयी नुसते बोलू लागले तरी त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी येई, जांभया येत. शरीर जुनी खूण विसरले नव्हते.

आपल्या माणसाचेही असेच होते. तोच रस्ता, तीच मंडळी, मजुरी हाती पडण्याची तीच वेळ. मन जुनी मागणी करू लागते. ही मनाला जडलेली सवय आहे, आणि जडलेली सवय मोडता येते. पाचव्या शीलात मद्याला प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे, स्थान म्हटले आहे. ते स्थान ओळखून टाळणे हाच शीलाचा अभ्यास होय.

म्हणून मजुरीच्या दिवशी त्याच्यासोबत घरचे कोणीतरी जावे. परतीची वाट बदलावी. संध्याकाळची वेळ विहारात, मुलांच्या अभ्यासात जावी. पाय घसरलाच तर चारचौघांत पाणउतारा करू नका. कोठे, केव्हा, कोणासोबत घसरला ते शांतपणे विचारा. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबाला विश्वासात घेतले जाते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करू नका. हातपाय थरथरतात, फिट येते, भ्रम होतो. प्रसंगी जीवही जातो. आधी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवा. १४४४६ या क्रमांकावर व्यसनमुक्तीसाठी विनामूल्य सल्ला मिळतो.

भगिनींनो, नवऱ्याचे व्यसन हा तुमचा दोष नाही. मारहाण होत असेल तर ती मुकाट्याने सोसू नका. शेजाऱ्यांना सांगा, वस्तीतील जाणत्यांना सांगा.

प्रतिज्ञा एका क्षणी घेतली जाते. ती पाळण्याचे बळ मात्र रोज, घराने मिळून, उभे करावे लागते.

विचारासाठी प्रश्न : आपल्या घरातील माणसाचे 'प्रमादाचे स्थान' कोणते? ते टाळण्यासाठी या आठवड्यात आपण काय बदलणार?