वचनचिठ्ठीवरील सही व पदाधिकाऱ्याची जबाबदारी

खते-बियाण्यांची एकत्र खरेदी व शेतमालाची एकत्र विक्री करण्यासाठी अनेक ठिकाणी शेतकरी उत्पादक कंपन्या स्थापन झाल्या आहेत. २००२ साली कंपनी कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे किमान १० उत्पादक शेतकऱ्यांना अशी कंपनी काढण्याची सोय झाली. कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही सभासद व संचालक यांच्याहून वेगळी व्यक्ती होय. म्हणून कंपनीचे कर्ज सामान्यतः कंपनीनेच फेडावयाचे असते. परंतु वचनचिठ्ठीवर केलेली एक सदोष सही हे देणे पदाधिकाऱ्याच्या अंगावर आणू शकते.

वचनचिठ्ठी म्हणजे काय?

ठराविक रक्कम बिनशर्त देण्याचे लेखी व सही केलेले वचन म्हणजे वचनचिठ्ठी अथवा प्रॉमिसरी नोट. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ अन्वये ती एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ शकते. ज्याच्या हाती ती पडते त्यास मूळ व्यवहार ठाऊक असतोच असे नाही. तो कागदावर काय लिहिले आहे तेच पाहतो.

कायद्याचा दंडक

या अधिनियमाचे कलम २८ असे सांगते की, आपण दुसऱ्याच्या वतीने सही करीत आहोत किंवा स्वतःवर जबाबदारी घेत नाही, हे कागदावर न दर्शविता जो प्रतिनिधी सही करतो, तो स्वतः देणेदार ठरतो. केवळ मालकच देणेदार राहील असे भासवून ज्याने सही घेतली, त्याला मात्र या कलमाचा लाभ मिळत नाही.

सहीखाली नुसता हुद्दा लिहिणेही पुरेसे नसते. हैदराबाद संस्थानचे दिवाण महाराजा किशन प्रसाद यांच्या खाजगी खजिन्याच्या हंगामी अधीक्षकाने आपल्या हुद्द्यासह हुंड्यांवर सह्या केल्या होत्या. १९१८ साली प्रिव्ही कौन्सिलने या हुंड्यांबद्दल महाराजांना जबाबदार धरले नाही. देणेदाराचे नाव कागदावरच स्पष्ट दिसले पाहिजे, हे तत्त्व त्या निवाड्याने घालून दिले.

चुकीची व बरोबर रीत

समजा, खताच्या उधारीपोटी अध्यक्षाने लिहून दिले : “मी रुपये २,००,००० मागताक्षणी देईन”, आणि सहीखाली फक्त “अध्यक्ष” असा शब्द घातला. कंपनीकडे पैसा नसल्यास धनको अध्यक्षावरच दावा लावील. हुकूमनामा झाला तर त्याची बजावणी त्याच्या खाजगी मालमत्तेवर होऊ शकेल. खत मात्र सर्व सभासदांच्या शेतात पडलेले असेल!

यास्तव मजकुरातच “अमुक उत्पादक कंपनी वचन देते की” असे लिहावे. शेवटी कंपनीचे पूर्ण नाव घालून “कंपनीकरिता व कंपनीच्या वतीने” असे शब्द लिहावेत, व त्याखाली सही, नाव आणि हुद्दा असावा. कंपनी कायदा, २०१३ अन्वये कंपनीच्या वचनचिठ्ठीवर तिचे नाव छापलेले असणे आवश्यक आहे. सहकारी संस्थेच्या सचिवानेही हीच रीत पाळावी.

इतर दक्षता

१. संचालक मंडळाचा ठराव झाल्याखेरीज सही करू नये. नसलेला अधिकार आहे असे भासविणाऱ्यास नुकसानभरपाई द्यावी लागते.

२. मुद्रांकित कोऱ्या कागदावर सही कधीही देऊ नये. असा कागद धारण करणाऱ्यास त्या मुद्रांकात बसेल इतकी रक्कम भरण्याचा अधिकार मिळतो.

३. वचनचिठ्ठीसोबत जामीनपत्र पुढे केल्यास ते वेगळे वाचावे. जामीनदार म्हणून सही केल्यास, वचनचिठ्ठी बिनचूक असली तरी, एरवी ठरले नसेल तर, मूळ ऋणकोइतकीच जबाबदारी येते.

४. प्रत्येक वचनचिठ्ठीची नक्कल दप्तरी ठेवावी व कर्ज फिटताच मूळ कागद परत घ्यावा.

ग्रामकार्यकर्त्यांनी नवीन संचालकांना ही माहिती पहिल्या सभेतच समजावून द्यावी. सही करण्यापूर्वी कागद मोठ्याने वाचून घेण्याची सवय प्रत्येक मंडळाने लावून घेतल्यास पुष्कळसे अनर्थ टळतील.