अळंबीची शीतसाठवण

पहाटे खुडलेली बटण अळंबी पांढरीशुभ्र आणि टणक असते. तीच टोपली उन्हाळ्यात खोलीच्या तापमानात राहिली, तर एक-दोन दिवसांत अळंबी तपकिरी पडते, तिचा देठ लांबतो व छत्री उघडते. अशा मालाला बाजारात भाव मिळत नाही आणि उत्पादकाची कित्येक आठवड्यांची मेहनत वाया जाते.

असे का घडते? खुडल्यानंतरही अळंबी जिवंतच असते. तिचे श्वसन चालू राहते आणि ते बहुतेक भाज्यांपेक्षा वेगवान असते. तिच्या वजनात सुमारे ९० टक्के पाणी असते. परंतु ते राखणारी जाड साल तिला नसते. म्हणून ती लवकर सुकते. हाताळताना ती दाबली गेली, तर पेशी फुटतात आणि विकरांच्या व ऑक्सिजनच्या क्रियेने तिच्यावर डाग पडतात.

थंडीमुळे या सर्व क्रिया मंदावतात. म्हणून बटण अळंबी खुडल्यावर शक्य तितक्या लवकर थंड करतात आणि ० ते २ अंश सेल्सिअस तापमानात, दमट हवेत ठेवतात. अशा रीतीने ती साधारणतः आठवडाभर टिकते. मात्र बंद पिशवीत कोंडलेल्या वाफेचे थेंब अळंबीवर साचले, तर जिवाणू वाढतात. म्हणून पिशवीला बारीक छिद्रे पाडतात.

तरीही जितकी थंडी अधिक तितकी अळंबी सुरक्षित, असा नियम नाही. बटण अळंबी मुळात थंड हवेत येते. हिमाचल प्रदेशातील सोलन तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. ओडिशात भाताच्या पेंढ्यावर घेतली जाणारी अळंबी मात्र ३० अंशांहून अधिक तापमानात वाढते. ती ४ अंशांवर शीतकपाटात ठेवली, तर तिच्या पेशींना इजा होते, तिला पाणी सुटते आणि ती मऊ पडून सडते. तिला १० ते १५ अंश तापमान मानवते, तेही थोडेच दिवस. जी थंडी एकीला तारते, तीच दुसरीला मारते. म्हणूनच साठवण करण्यापूर्वी अळंबीचा प्रकार ओळखणे आवश्यक ठरते.

पाठगत प्रश्न
१. अळंबी लवकर का सुकते?
२. पिशवीला छिद्रे का पाडतात?
३. पेंढ्यावरील अळंबी ४ अंशांवर ठेवल्यास काय होते?